आधी तोंडाने, मग पडद्यावर: मुलांना चाल बांधायला शिकवण्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

देवगड तालुक्यात, खाडीकाठच्या एका वाडीत मी दर शनिवारी दुपारी पाचवी ते दहावीच्या मुलांना चाली बांधायला शिकवते. समोर पेटी असते, झांज असते, आणि बांधलेली चाल मांडायला कॉम्प्युटरचा पडदा. जून लागला की नवी मुलं येतात. त्यांच्यासोबत आईबाबा येतात, आजी येते, कधी शेजारच्या गावातले शिक्षकही येतात. त्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे सविस्तर लिहिते आहे. आपापल्या शाळेत असा वर्ग सुरू करायचा असेल त्यांनाही उपयोग होईल.

चित्रांतून चाल बांधायची म्हणजे नक्की काय करायचं?

पडद्यावर चौकोनांची जाळी असते. डावीकडून उजवीकडे काळ सरकतो आणि खालून वर स्वर चढतो. चौकोनावर टिचकी मारली की तो रंगतो आणि त्याचा स्वर ऐकू येतो. सगळ्यात खाली ठेक्याच्या ओळी असतात. मांडून झालं की बटण दाबायचं, एक उभी रेघ डावीकडून सरकत जाते आणि वाटेत आलेला प्रत्येक चौकोन वाजतो.

ज्यांनी गाण्याच्या वहीत स्वरलिपी लिहिली आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. पंडित भातखंडे यांच्या लिपीतही मात्रांचे, म्हणजे तालातल्या एकेका मोजणीचे, रकाने असतात, विभागाच्या उभ्या रेघा असतात, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब आणि तार म्हणजे वरच्या सप्तकाला वर टिंब असतं. पडद्यावर दोन गोष्टी वाढतात. एक म्हणजे मांडलेलं लगेच ऐकू येतं. दुसरी म्हणजे चालीचा चढ-उतार डोळ्यांना दिसतो. वहीत 'सा' आणि 'प' ही दोन अक्षरं एकाच ओळीत शेजारी बसतात. पडद्यावर 'प' खरोखरच वर असतो.

ही कल्पना आजची नाही. इयानिस झेनाकिस हा मूळचा ग्रीक संगीतकार. शिक्षणाने तो इंजिनिअर आणि चंदीगडची आखणी करणाऱ्या ल कार्बुझिएच्या कचेरीत त्याने अनेक वर्षं काम केलं होतं. त्याने १९७७ मध्ये पॅरिसमध्ये 'युपिक' नावाचं यंत्र उभं केलं. मोठ्या पाटीवर खास पेनाने रेघ ओढायची आणि यंत्र त्या रेघेचा आवाज करायचं. पुढे अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये टॉड मॅकोव्हर यांच्या गटाने मुलांसाठी 'हायपरस्कोर' केलं. त्यात रंगीत रेघांनी संगीत रचता येतं. आपण वाडीत बसून करतो ते त्याच वाटेवरचं आहे.

आमच्या मुलाला गाणं, पेटी, तबला काहीच येत नाही. चालेल का?

चालेल. आरतीला टाळी धरता येते ना? तेवढं पुरे. कोकणातल्या मुलाच्या कानावर गणपतीच्या दिवसांत घरोघरच्या आरत्या पडलेल्या असतात, भजनाच्या डबलबाऱ्या (दोन बुवांचे सामने) ऐकता ऐकता ते आजीच्या मांडीवर झोपी गेलेलं असतं, शिमग्यात पालखीमागे ढोलाच्या ठेक्यावर चाललेलं असतं. एवढी शिदोरी घेऊन आलेल्या मुलाला 'काहीच येत नाही' असं मी तरी म्हणणार नाही.

कोणत्या वयापासून?

आठ-नऊ वर्षांपासून. त्याहून लहानांनी टाळ्या, फुगड्या, बडबडगीतं करावीत. त्यांना पडद्यासमोर बसवायची गरज नाही.

कोणतं सॉफ्टवेअर वापरता? विकत घ्यावं लागतं का?

एकही पैसा लागत नाही. सुरुवात आम्ही गुगलच्या क्रोम म्युझिक लॅबमधल्या 'साँग मेकर'पासून करतो. ही लॅब २०१६ साली आली आणि साँग मेकर २०१८ साली. खातं उघडावं लागत नाही, पान उघडलं की काम सुरू. चौकोन मोठे असतात आणि प्रत्येक स्वराला वेगळा रंग. एका आवर्तनात, म्हणजे तालाच्या एका फेरीत, किती मात्रा, एका मात्रेचे किती भाग, किती सप्तकं, हे सगळं तिथेच ठरवता येतं. इंग्रजी येत नसलं तरी अडत नाही, कारण वाचायला फारसं काही नाहीच.

दोन-तीन महिन्यांनी 'स्क्रॅच'कडे वळतो. हेही एमआयटीचंच, २००७ पासूनचं. त्यात ठोकळे एकमेकांत अडकवून प्रोग्रॅम करायचा असतो. 'संगीत' हा जोडभाग घेतला की १८ तालवाद्यं आणि २१ स्वरवाद्यं मिळतात. इथे मुलांना एक मोठी गोष्ट कळते, ती म्हणजे ध्रुवपद परत परत लिहायचं नसतं. एकदा लिहायचं आणि 'पुन्हा कर' या ठोकळ्यात बसवायचं. अंतरा झाला की पुन्हा तिथेच यायचं. भजनात बुवा हेच करत आलेत.

नववी-दहावीच्या मुलांसाठी 'एलएमएमएस' आहे. तेही मोफत, विंडोजवर आणि लिनक्सवर चालतं. त्यात स्वराची लांबी हवी तेवढी ताणता येते, प्रत्येक वाद्याचा आवाज कमी-जास्त करता येतो. पाश्चात्त्य स्टाफ लिपी शिकायची असेल तर 'म्यूझस्कोर'.

ज्यात तयार तुकडे एकमेकांना जोडले की झकास गाणं तयार होतं, अशी ॲप्सही पुष्कळ आहेत. ती मी पहिल्या वर्षी मुद्दाम दाखवत नाही. तिथे सगळंच छान वाजतं आणि त्यामुळे मुलाला आपली चूक सापडत नाही. आपला एक स्वर खटकला आणि तो शोधून बदलला, यातून जे शिकायला मिळतं ते तिथे मिळत नाही.

आमच्याकडे रेंज नाही आणि पावसात लाइट दिवस दिवस येत नाही. मग?

आमच्याकडेही तेच. साँग मेकरला नेट लागतं. स्क्रॅचची उतरवून घ्यायची आवृत्ती मात्र नेटशिवाय चालते, एलएमएमएस आणि म्यूझस्कोरही. रेंजच्या ठिकाणी जाऊन एकदा उतरवून आणा आणि पेनड्राइव्हने सगळ्या कॉम्प्युटरवर टाका.

लाइट गेली की आम्ही पडवीत खडूने जाळी आखतो. आडवे सोळा रकाने, उभ्या आठ ओळी. स्वराच्या जागी चिंचोके आणि ठेक्याच्या जागी काजूच्या बिया. एक मूल काठी घेऊन डावीकडून उजवीकडे सरकत जातं, बाकीची मुलं काठीखाली येईल तो स्वर गातात. म्हणजे यंत्राचं काम मुलांचे गळे करतात. खरं सांगायचं तर माझ्या वर्गातल्या सगळ्यात सुंदर तीन-चार चाली अशा चिंचोक्यांवरच बांधल्या गेल्या. ज्या शाळेत एकही कॉम्प्युटर नाही तिथे वर्षभर एवढंच केलं तरी चालेल.

ज्याला दिसत नाही अशा मुलासाठीही हीच पद्धत उपयोगी पडते, कारण चिंचोके हाताला लागतात. मात्र त्याच्यासाठी जाळी खडूने आखू नका, सुतळी चिकटवून करा.

मोबाइलवर चालतं का?

साँग मेकर चालतं, पण चौकोन बारीक होतात आणि बोट भलतीकडे पडतं. मुख्य म्हणजे मोबाइलवर एकच मूल बघू शकतं. आमच्याकडे तीन जुने कॉम्प्युटर आणि चौदा मुलं. एकाच्या हातात माउस, दुसरा गातो, बाकीचे ऐकतात आणि दहा मिनिटांनी जागा बदलतात. जो गातो त्याचा शब्द शेवटचा. माउसवाल्याने त्याच्या गळ्यातलं मांडायचं, स्वतःचं घुसडायचं नाही. हा नियम मी कधी सोडत नाही.

पहिल्या दिवशी काय करता?

पडदा उघडतच नाही. जुलैत वर्ग असेल तर पडवीत बसून पागोळ्या ऐकतो.

कौलांवरून पडणारी एक धार खालच्या पत्र्यावर पडत असते, दुसरी बादलीत. अर्ध्या मुलांनी पत्रा धरायचा, अर्ध्यांनी बादली, आणि जे ऐकू येतं ते तोंडाने बोलायचं. टण, टण. टुब, टुब. थोड्या वेळाने लक्षात येतं की पत्र्यावर तीन थेंब पडतात तेवढ्यात बादलीत चार पडतात. थेंब काही घड्याळ लावून पडत नाहीत, पण जवळजवळ तसं. मग ते टाळ्यांवर घेतो. एक गट तीन, एक गट चार. पहिल्यांदा गोंधळ होतो, हसू येतं, चार-पाच वेळा मोडतं आणि मग बसतं.

दुसऱ्या शनिवारी तेच पडद्यावर मांडायचं. एका आवर्तनात सहा मात्रा आणि मात्रेचे दोन भाग केले की बारा चौकोन मिळतात. पत्रा पहिल्या, पाचव्या आणि नवव्या चौकोनात. बादली पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या चौकोनात. वाजवून बघितलं तेव्हा गेल्या वर्षी सहावीतली एक मुलगी ओरडलीच, "बाई, दोघं फक्त पहिल्या घरात भेटतात!" सम म्हणजे आवर्तन जिथून सुरू होतं ती पहिली मात्रा. ती काय असते ते तिला त्या क्षणी कळलं. मी एक शब्दही सांगितला नव्हता. तिने त्या आवर्तनावर पुढे चार स्वरांची चाल बांधली आणि तिला नाव दिलं 'पडवी'.

पाऊस नसेल त्या महिन्यांत दुसरं काही घेतो. मासेवाल्याच्या गाडीचा हॉर्न, जात्याची घरघर, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना सगळ्यांचे पाय एकदम वाळूत रुततात तो ठेका. ऐकायला काही ना काही असतंच.

ताल कसे मांडायचे? सॉफ्टवेअर तर परदेशी आहे.

बहुतेक ताल बसतात, थोडी युक्ती लागते. साँग मेकरमध्ये ठेक्याला दोनच ओळी असतात. आम्ही ठरवलं आहे की खालची ओळ बायाँची, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्याची, आणि वरची दायाँची, म्हणजे उजव्याची. म्हणजे 'धा' आणि 'धी' दोन्ही ओळींत, 'ना' आणि 'ती' फक्त वर, 'गे' फक्त खाली.

केरवा आठ मात्रांचा, म्हणून चार मात्रांचे दोन भाग करून आठ चौकोन. धा गे ना ती, न क धी ना. दादऱ्याला सहा: धा धी ना, धा ती ना. झपताल दहाचा, आणि दहाचं आवर्तन तिथे मिळत नाही. पण पाचाचं मिळतं. झपताल दोन-तीन-दोन-तीन असा चालतो, म्हणजे पाचाचे दोन तुकडे झालेच: धी ना धी धी ना, ती ना धी धी ना. पाच मात्रांची दोन आवर्तनं लागोपाठ ठेवायची, काम झालं. तीनतालाला चाराची चार.

रूपक मांडताना मात्र मला स्वतःला फार आनंद होतो. ती ती ना, धी ना, धी ना. सात मात्रांचं आवर्तन घ्यायचं. पहिल्या तीन मात्रांत खालची ओळ रिकामी राहते, कारण रूपकाची समच 'खाली'वर, म्हणजे बायाँ गप्प असतो त्या भागावर, आहे. तबल्याच्या वर्गात हे शब्दांत सांगावं लागतं आणि मुलं ते पाठ करतात. इथे खालची तीन घरं मोकळी दिसतात आणि चौथ्या घरात बायाँ उगवतो. पाचवीतल्या मुलालाही खाली म्हणजे काय हे बोट ठेवून दाखवता येतं.

लय ठरवताना मुलं नेहमी घाई करतात. स्क्रॅचमध्ये लय सुरुवातीला मिनिटाला ६० मात्रांची असते, म्हणजे सेकंदाला एक. ती तशीच राहू द्या. चाल बसल्यावर वाढवा.

सा कुठे धरायचा?

ज्याच्या गळ्याची चाल आहे त्याच्या सोयीने. पेटीवाल्यांना सोपं जावं म्हणून सांगते, यंत्रात प्रत्येक पट्टीला एक आकडा असतो. १९८३ पासून चालत आलेल्या 'मिडी' या संकेतानुसार हे आकडे ० ते १२७ असतात. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक ६१, पांढरी दोन ६२, असं एकेक पट्टी एकेक आकडा. सा ६० वर धरला तर रे ६२, ग ६४, म ६५, प ६७, ध ६९, नी ७१ आणि वरचा सा ७२. कोमल स्वर आणि तीव्र मध्यम मधल्या आकड्यांवर: ६१, ६३, ६६, ६८, ७०.

स्क्रॅचमध्ये हे आकडे थेट लिहिता येतात. मग एक गंमत करून बघा. प्रत्येक आकड्यात दोन मिळवा. चाल तीच राहते, पट्टी बदलते. पेटीवर बोटं बदलायला जीव जातो आणि इथे बेरीज केली की झालं, हे बघून गणिताला घाबरणारी मुलंसुद्धा वही काढून बेरजा करायला लागतात.

नव्या मुलांना मी साँग मेकरमध्ये पाच स्वरांची जाळी देते. त्यात सा रे ग प ध एवढेच स्वर येतात. ही भूप रागाची सामग्री. कुठेही टिचकी मारली तरी कानाला फार टोचत नाही, त्यामुळे भीती जाते. तीन-चार आठवड्यांनी सात स्वर आणि दिवाळीनंतर बाराही.

पण मींड (स्वरावरून स्वरावर घसरत जाणं), श्रुती (स्वरांमधले बारीक स्वर), आंदोलन (स्वर हळूच झुलवणं) हे सगळं जाळीत कुठे बसतं?

बसत नाही, आणि हे मी मुलांनाही स्पष्ट सांगते. जाळीत एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी असते, घसरत जाणं नसतं. साँग मेकरमध्ये तर एक चौकोन म्हणजे एक ठोका, सूर लांबवताही येत नाही. दरबारी रागाचा कोमल गंधार चौकोनात कोंडला की तो दरबारीचा उरत नाही. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच, पण भूप गंधाराला जपतो आणि देशकार धैवताला. हा फरक रंगीत चौकोनांवरून कळायचा नाही, गुरूसमोर बसूनच कळेल.

पेटीवरही नेमका हाच आक्षेप होता. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. तोवर आमच्याकडच्या भजनी बुवांनी पेटीवर केवढं तरी उभं केलं होतं. साधनाची मर्यादा माहीत असली की त्याचा उपयोग नीट होतो. म्हणून आमच्या वर्गात नियम आहे: पडद्यावर सांगाडा मांडायचा आणि गाताना त्यात मींड घालायची. मांडलेली चाल आणि गायलेली चाल यांत फरक पडलाच पाहिजे. फरक पडला नाही तर मी विचारते, "तू त्या यंत्रासारखा का गातोयस?"

मूल नुसती चित्रं काढत बसतं. घर, फूल, स्वतःचं नाव. याला संगीत म्हणायचं का?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण अशा सॉफ्टवेअरचा खरा धोका इथेच आहे. डोळा पुढे धावतो आणि कान मागे पडतो. पडद्यावर फूल छान दिसतं, वाजवलं तर भांडी पडल्यासारखं ऐकू येतं, आणि मूल खूश, कारण ते बघत असतं, ऐकत नसतं.

पण चित्र पुसून टाकायला लावू नका. सातवीतल्या एका मुलाने शिडाची होडी काढली होती. त्याचे बाबा मासेमारीला जातात. होडी खरंच सुरेख होती. वाजवली तेव्हा सगळी मुलं हसली आणि तो हिरमुसला. मी त्याला म्हटलं, यातलं तुला जेवढं गाता येईल तेवढंच ठेवू. शिडात एका उभ्या रांगेत सात-आठ स्वर एकदम वाजत होते, ते कोण गाणार? शीड गेलं. उरली खालची कड: वरून उतरत गेलेले चार स्वर, मग एकच स्वर चार घरं सपाट आणि पुन्हा चढ. त्याने ती गुणगुणली. डोळे मिटून दोनदा. मग म्हणाला, "बाई, हयसर थांबूक होया." सपाट भागातले दोन चौकोन त्याने पुसले. त्या दोन मोकळ्या घरांनी त्या चालीत पाणी आलं. बंदरात उभी होडी हलते ना, तसं.

तेव्हापासून आमच्या भिंतीवर एकच ओळ लिहिलेली आहे: आधी तोंडाने, मग पडद्यावर. ज्यांना पडद्यावर सुचतं त्यांनी ते तोंडाने म्हणून दाखवायचं. म्हणता आलं तर राहील.

उलटी अडचणही येते. एक मुलगी आजीकडून ऐकलेली ओवीची चाल सुंदर गायची आणि जाळीपुढे रडकुंडीला यायची. "ह्या माका गावूक येता, पण मांडूक येणा नाय." तिला मी मांडायला लावलं नाही. ती गायची आणि हाताने हवेत चढ-उतार दाखवायची, दुसरी मुलगी तो हात बघून चौकोन भरायची. महिन्याभराने तिने स्वतः माउस मागून घेतला.

चाल चांगली झाली की नाही हे कसं ठरवता? गुण देता का?

गुण देत नाही. तीन गोष्टी विचारते. यातली कुठली ओळ आठवडाभर लक्षात राहिली? कुठे श्वास घेतलास? आणि पहिल्या ओळीने जे विचारलं त्याला दुसऱ्या ओळीने उत्तर दिलं का?

श्वासाची गोष्ट मला शेजारच्या वाडीतल्या एका वयस्कर बुवांनी शिकवली. ते एकदा सहज वर्गात येऊन बसले. एका मुलाची चाल लागली होती, बत्तीसच्या बत्तीस घरं भरलेली. बुवांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "चाल बरी आसा. पण गाणाऱ्यान श्वास खंय घेवचो?" मुलाने पडद्याकडे बघितलं. एकही घर मोकळं नव्हतं. हल्ली मुलं मांडून झालं की आधी मोकळी घरं मोजतात.

मुलांना सिनेमातलीच गाणी काढायची असतात.

काढू द्या, पहिले दोन महिने. ओळखीचं गाणं कानाने शोधून चौकोनात बसवणं हा फार चांगला रियाज आहे. त्यानंतर मी सांगते, आता याचा ठेका ठेव आणि चाल बदल. पुढच्या वेळी चाल ठेव आणि ठेका बदल. चार वेळा बदललं की मूळ गाणं आपोआप मागे पडतं.

कार्यक्रमात किंवा नेटवर टाकताना मात्र काळजी घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गाण्याच्या रचनेवर रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क असतो. ध्वनिमुद्रणावर ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. दुसऱ्याच्या चालीवर आपलं नाव घालायचं नाही, हे दहाव्या वर्षीच कळलेलं बरं. स्वतःची चाल कुणी आपल्या नावावर खपवली तर कसं वाटेल, एवढं विचारलं तरी मुलं समजतात.

नमन, जाखडी, दशावतार, पालखीचे ढोल यांतलं काही घेतलं तर चालेल का?

घ्यावं असं माझं ठाम मत आहे, पण विचारून. नमन-खेळ्यांचा मृदंग किंवा पालखीचा ढोल रेकॉर्ड करण्याआधी गावच्या मानकऱ्यांना, वाजवणाऱ्यांना भेटायचं. मुलांनी स्वतः जायचं, मी बोलत नाही. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. उलट दशावतारात पखवाज वाजवणारे एक काका येऊन राजाच्या प्रवेशाला आणि राक्षसाच्या प्रवेशाला हात कसा बदलतो ते तासभर दाखवून गेले. काही वादन ठरावीक वेळी, ठरावीक जागीच होतं. ते तिथेच राहू द्यायचं. मोबाइलमध्ये भरून आणून त्यावर प्रयोग करायचे नाहीत.

केलेलं काम जपून कसं ठेवायचं?

साँग मेकर चाल साठवताना एक लिंक देतं. पहिल्या वर्षी मी त्या लिंका मुलांना वहीत उतरवून घ्यायला सांगितल्या. इंग्रजी लिपीतला लहान एल आणि मोठा आय हाताने लिहिल्यावर सारखेच दिसतात, शून्य आणि ओ सारखे दिसतात. मार्चमध्ये उघडायला गेलो तर सहा चाली सापडल्याच नाहीत. त्यातली एक एका मुलीने आजोबा गेल्यावर बांधली होती. तिला ती पूर्ण आठवत नव्हती, मलाही नाही. त्याचं वाईट मला अजून वाटतं.

तेव्हापासून वर्ग सुटण्याआधी प्रत्येक चालीची मिडी फाइल उतरवतो. ती काही केबींची असते, शेकडो चाली एका पेनड्राइव्हवर राहतात. मिडीत आवाज नसतो, फक्त कुठला स्वर कधी आणि किती वेळ, एवढ्या सूचना असतात, म्हणून ती एलएमएमएसमध्ये उघडून पुढे कामही करता येतं. शिवाय चाल सरगममध्ये वहीत लिहून ठेवायची. कागद पावसात भिजतो आणि पेनड्राइव्ह हरवतो, दोन्ही एकदम सहसा जात नाही.

गायन-वादनाच्या परीक्षांना याचा फायदा होतो का?

प्रारंभिक, प्रवेशिकाच्या परीक्षेत याला थेट गुण नाहीत. ताल हातावर देणं आणि स्वरलिपी लिहिणं मात्र या मुलांना चटकन जमतं. गुरूंकडे जाणं थांबवू नका. जमत असेल तर दोन्ही करा आणि वेळ एकालाच असेल तर गुरूंकडे पाठवा.

बांधलेली चाल शेवटी लोकांना ऐकवता कशी? स्पीकरवर?

स्पीकरवर कधीच नाही. गणपतीच्या पाचव्या दिवशी आरती आटोपल्यावर वाडीतल्या एका घरात मुलं बसतात. एक पेटीवर, एक ढोलकीवर, दोघं झांजेला, बाकीचे गायला. चाल ज्याची तो पुढे. कॉम्प्युटर वर्गातच कुलपात असतो. गेल्या वर्षी होडीवाल्या मुलाची चाल झाली तेव्हा दोन मोकळ्या घरांपाशी सगळे थांबले, आणि दारात उभ्या असलेल्या त्याच्या बाबांनी नेमक्या त्या जागी मान हलवली. चाल संपल्यावर ते आत आले आणि म्हणाले, परत म्हणा.

वर्ग बघायला आलो तर चालेल का?

जरूर या. शनिवारी दुपारी तीन वाजता. मुलं ऐकत असतील तर दारातच थांबा, त्यांचं ऐकून झालं की आत या. येताना तुमच्या आईची किंवा आजीची एखादी चाल आठवत असेल तर ती घेऊन या, मुलं मांडून घेतील.